मी किचनमध्ये होते

गुरुग्राम
१० नोव्हेंबर २०२४

सृष्टी,

'चि. सौ.' लिहायला हात गेला होता. चाळीस वर्षांची सवय. पण 'सौ.' आता लागू नाही, आणि 'चि.' म्हणायचा हक्क मला उरलाय का ते तू ठरवायचंस. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझा पुण्याचा पत्ता माझ्याकडे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवलं तर दोन वर्षं एकच टिक येते, त्याचा अर्थ मला कळतो. म्हणून हे लक्ष्मीबाई नगरला, तुझ्या सुनीती आत्याच्या क्वार्टरवर पाठवते आहे. तुझे बाबा अजून बहिणीकडेच असतात ना? विलासरावांना माझा नमस्कार सांग. नको, राहू दे. सांगू नकोस.

लिहायला तसं काही कारण नाही. काल एक झॉम्बीचा सिनेमा पाहिला आणि तो संपल्यावर बोलायला कोणी नव्हतं, एवढंच.

सिनेमा कुठल्या देशातला ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका सिमेंटच्या कारखान्यात ही सगळी मढी उठतात. (तुला आठवतं, पहिल्यांदा मी 'चालती मढी' म्हणाले, तेव्हा तू विचारलं होतंस, "आई, मढं म्हणजे?" दिल्लीत वाढलेल्या मुलांना आम्ही शब्द तरी किती पुरवणार!) सगळे पांढरेफटक, नाकातोंडात धूळ, खोकत खोकत चालतायत. मला तर नोव्हेंबरातले आमच्या सोसायटीतले मॉर्निंग वॉकवाले आठवले. पहिला तासभर ती बिचारी पाय ओढत चालतात आणि मग दिग्दर्शकाला घाई होते, तशी धावायला लागतात. तुला बिल्कुल चाललं नसतं. तुझा नियम होता, एका सिनेमात एकच चाल. हिरॉइन चार दिवस गटारातून पळते आणि केस जसेच्या तसे. शेवट मात्र बरा केलाय, सायरन वाजतो आणि सगळी मढी सवयीनं पाळी संपल्यासारखी गेटकडे वळतात. दहापैकी साडेचार.

त्याच्या आदल्या आठवड्यात मॉलमध्ये एक मराठी सिनेमा लागला होता. हॉलमध्ये आम्ही नऊजण. रडवायचं ठरवूनच काढलेला. रडले. सहा दिले, पण रागानं.

माझा केतन बरा आहे. बढती झाली. माझे गुडघे आहेत तसेच.

इथे थंडी पडायला लागली. तुझं मनगट दुखतं का गं थंडीत?

हे वाक्य खोडणार होते. पण पेनानं लिहिलंय, खोडलं तरी दिसेलच.

— इंदुमती


गुरुग्राम
१ डिसेंबर २०२४

सृष्टी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. कृषी भवनात एकतीस वर्षं फायली हलवल्या, त्यातल्या निम्म्यांवर 'केवळ माहितीसाठी' असं लिहिलेलं असायचं. ही पत्रंही तशीच समज.

परवा आपण दोघींनी पाहिलेला एक सिनेमा परत पाहिला. तो डोंगरातल्या गावाचा, बर्फाचा. त्यात एका विधवेच्या मुलाला चावा बसतो आणि ती त्याला बटाट्याच्या तळघरात कोंडून ठेवते. रोज खाली ताट नेते. गावकरी विचारतात तेव्हा सांगते, "तो शहरात गेला." आठवला?

त्यावरून आपलं भांडण झालं होतं. तू म्हणालीस, "आई, ही बाई मूर्ख आहे. तो सुटला की अख्खं गाव संपवणार."

मी म्हणाले, "आई आहे ती. तुला मूल झालं की कळेल."

तू मुरमुरे खात राहिलीस. आपल्या भांडणात गप्प बसायचीस ती नेहमी तूच, हे आता माझ्या लक्षात येतंय.

शेवटी तो सुटतोच. सगळ्यांना चावतो, आईला तेवढं चावत नाही. ती अंगणात खुर्चीवर बसलेली, समोर रिकामं गाव. तेव्हा मला वाटलं होतं, बघा, मुलाला आई कळते. परवा बघताना वाटलं, दिग्दर्शकानं तिला मुद्दाम जिवंत ठेवलंय.

तेव्हा मी सात मार्क दिले होते आणि तू नऊ. आता नऊ.

तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी सांगते. केतनचं पुन्हा लग्न ठरतंय. मुलीचं नाव रेवती. मयूर विहारला आई आणि ती, दोघीच राहतात. वडील नाहीत. आई कुमुदताई, शाळेत शिकवायच्या. रेवती नोएडाला नोकरी करते, मोठ्यानं हसते. मला 'काकू' म्हणते. 'आई' म्हणायला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि मीही सुचवलं नाही. फेब्रुवारीत लग्न आहे.

केतन आता शांत झालाय. म्हणजे बराच.

— इंदुमती


गुरुग्राम
२२ डिसेंबर २०२४

सृष्टी,

काल आम्ही तिघं सिनेमाला गेलो. केतन, रेवती आणि मी. हिंदीत काढलेला विनोदी झॉम्बीपट! दिल्लीच्या लग्नाचा बँडवाला मरतो आणि मेल्यावरही वरातीपुढे ढोल बडवत राहतो, असं काहीतरी. लोक खूप हसत होते. मला दोनच जागी हसू आलं. एकदा मेट्रोत. खच्चून भरलेल्या डब्यात चार मढी चढतात आणि कोणाला पत्ताच लागत नाही, उलट एक बाई त्यांना ओरडते, "भैया, ठीक से खड़े रहो!" राजीव चौकला संध्याकाळी सहाला हेच होईल, यात शंका नाही. दुसरी जागा आता आठवत नाही. गाणी नको होती. पाच.

सिनेमाचं राहू दे.

रेवती त्या मेट्रोच्या सीनला खूप हसली, अगदी पुढे वाकून. केतनचा हात तिच्या हातावर होता. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "धीरे. लोग देख रहे हैं." ती हसतच होती. मग त्यानं तिचं मनगट धरलं. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती प्रेमानं धरलाय हात. मी शेजारच्या खुर्चीवर होते. ती हसायची थांबेपर्यंत त्यानं ते सोडलं नाही, आणि थांबल्यावरही लगेच सोडलं नाही.

मध्यंतरानंतर ती हसली नाही.

बाहेर आल्यावर केतन कॉफी आणायला गेला. रेवतीनं मला विचारलं, "काकू, एक विचारू? राग नाही ना येणार? त्याचं आणि सृष्टीचं का मोडलं?"

"पटलं नाही गं त्यांचं."

"तो म्हणतो, तिनं त्याच्यावर खोटी कंप्लेंट केली होती. मारल्याची. आणि तुम्हीच साक्ष दिलीत म्हणून तो सुटला."

"हं."

"म्हणजे खोटीच होती ना?"

तेवढ्यात केतन ट्रे घेऊन आला. मी म्हणाले, "घे, थंड होईल."

ती माझ्याकडे बघत होती. कॉफी प्यायली नाही तिनं.

काल घरी आल्यापासून मी कारणं मांडून बघते आहे. माझे हे, राजाभाऊ, गेल्यावर मला हा एकुलता एक. घर त्याचं. वय अडुसष्ट. गुडघे. एकदा तोंडातून गेलेलं मागे कसं घ्यायचं. कारणं सगळी खरी आहेत. ऑफिसात असते तर अशा फाईलवर मी 'मंजूर' लिहिलं नसतं.

— इंदुमती


मयूर विहार
१४ जानेवारी २०२५

सृष्टी,

वरती मयूर विहार लिहिलंय, ती चूक नाही. कसं ते सांगते. पण आधी तो रविवार सांगते. तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे. तरी मला तो एकदा माझ्या हातानं लिहायचाय.

जानेवारीच होता, २०२२. दुपारचे साडेतीन. आपण दोघी सोफ्यावर, पायांवर एकच रजई. मुरमुऱ्यांचं पातेलं माझ्या मांडीवर. सिनेमाची दहा मिनिटं उरली होती. केतन बंगळूरहून आला, बॅग दारात टाकली, म्हणाला, "घरात माणूस आलंय, कळतंय का? हा फालतूपणा बंद करा."

तू म्हणालीस, "दहाच मिनिटं यार, मग चहा टाकते."

त्यानं रिमोट मागितला. तू हसत हसत रिमोट पाठीमागे लपवलास. लहान मुलं करतात तसं. त्यानं तुला दंडाला धरून उठवलं आणि ढकललं. टीव्हीखालच्या त्या काचेच्या कडेवर तुझा हात आपटला. आवाज मी ऐकला. तू ओरडली नाहीस, "आई" एवढंच म्हणालीस. तू कोणत्या आईला हाक मारलीस? तुझी आई तर तू कॉलेजात असतानाच गेली होती.

मी पातेलं खाली ठेवलं. सांडू नये म्हणून नीट, दोन्ही हातांनी. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर बाईंनी विचारलं, "कैसे हुआ?" केतननं तोंड उघडलं होतं. तूही उघडलं होतंस. मी दोघांच्या आधी म्हणाले, "बाथरूम में फिसल गई." तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्या केसातली पिन सरळ केली.

पुढे तुझ्या तक्रारीवरून मध्यस्थांसमोर बसलो, तेव्हा त्या गृहस्थांनी मला सरळ विचारलं, "आप उस वक्त वहाँ थीं?" आणि मी म्हणाले, "जी नहीं, मैं किचन में थी." तसं लिहिलेल्या कागदावर सही केली. ऑफिसात मी कोणताही कागद तीनदा वाचल्याशिवाय सही करत नसे, माझी ख्याती होती. तो कागद मी वाचलाच नाही. आणि त्यानंतर दिल्लीतल्या आपल्या सगळ्या ओळखीच्या घरांत मी सांगत राहिले, की मुलगी चांगली होती हो, पण खोटं बोलली.

लोकांनी विश्वास ठेवला, कारण मी तुझ्याशी चांगली वागायचे. दोघी मिळून सिनेमे बघणाऱ्या सासू-सुना कुठे असतात? मी वाईट सासू असते तर माझं कोणी ऐकलं नसतं.

आता इकडचं.

गेल्या मंगळवारी मी एकटी मेट्रोनं इथे आले. राजीव चौकला बदलताना परत फिरायचा विचार दोनदा केला. कुमुदताईंनी दार उघडलं. जेवणं व्हायची होती, घरात फोडणीचा वास होता. म्हणाल्या, "अरे वा! लग्नाआधीच विहीणबाई!" मी म्हटलं, रेवतीलाही बोलवा. ती घरूनच काम करत होती. बाहेर आली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगितलं नसतं.

रेवतीनं विचारलं, "म्हणजे तुम्ही किचनमध्ये नव्हतात?"

"नव्हते. तिच्या शेजारी बसले होते. एका रजईत."

कुमुदताईंचा चेहरा लाल झाला. "पत्रिका वाटून झाल्या आमच्या. आत्ता आठवलं तुम्हाला?"

"आठवत तर रोज होतं."

"मग तिच्या वेळी का नाही बोललात?" हे रेवतीनं विचारलं.

"भीती वाटली."

"केतनची?"

"नाही गं. केतन असा आहे आणि तो माझा आहे, हे लोकांना कळेल याची."

रेवती स्वेटरची बाही खाली ओढत म्हणाली, "मला वाटलं होतं मीच जास्त विचार करते आहे." कुमुदताई तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी मला निघा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही. मी निघाले.

केतनला संध्याकाळी कळलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. बूट काढायच्या स्टुलावर बसला, एक बूट पायात, एक हातात.

"आई, तू काय केलंस, कळतंय तुला?"

"कळतंय."

"एकदा झालं माझ्याकडून. एकदा!"

"तीनदा, केतन. मला दिसलेलं तीनदा."

तो रडायला लागला. अडतीस वर्षांचा माणूस. मी जवळ गेले, तर त्यानं हातानं थांबवलं आणि म्हणाला, "त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी सांगणार होतो. डॉक्टरला. की मी ढकललं. तू मध्ये बोललीस. मग मला वाटलं, अच्छा, म्हणजे एवढं काही झालेलं नाही."

हे खरं की आत्ता सुचलेलं, मला ठाऊक नाही. पण त्यानं तोंड उघडलं होतं, हे मी वर लिहिलंय, त्याचं बोलणं आठवण्याआधीच लिहिलंय. सृष्टी, मी त्या दिवशी एका वाक्यात तुझं नुकसान केलं आणि त्याचंही. त्याला तेव्हा कोणीतरी थांबवायला हवं होतं, आणि ते 'कोणीतरी' खोलीत होतं.

दोन दिवसांनी मी दोन बॅगा भरल्या. त्यानं 'जा' म्हटलं नाही. गाडीनं सोडतो म्हणाला, मी कॅब केली. ऑफिसातली जुनी मैत्रीण इथे एका सोसायटीत राहते, तिच्या मागच्या खोलीत आहे. रेवतीच्या घरापासून तीन ब्लॉक. मुद्दाम नाही, खोली मिळाली तिथे.

लग्न मोडलं. रेवतीनं तुझा नंबर मागितला होता. माझ्याकडचा दिला.

या वेळी सिनेमा पाहिला नाही.

— इंदुमती


मयूर विहार
९ मार्च २०२५

सृष्टी,

काल जे झालं ते तुला माहीत आहे, फोनच्या त्या टोकाला तू होतीस. पण खोलीतलं तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

मी एका कागदावर सगळं स्वच्छ लिहून काढलं होतं. तारीख, जागा, मी कुठे होते, काय पाहिलं, काय खोटं सांगितलं. या वेळी तीनदा वाचून सही केली. तो कागद मला विलासरावांच्या हातात द्यायचा होता. त्यांनी चार शब्द सुनवावेत, हवं तर दार लावून घ्यावं, असं मनात धरून पिंक लाइननं आयएनएला उतरले आणि लक्ष्मीबाई नगरपर्यंत चालत गेले.

सुनीतीताईंनी दार उघडलं. मी म्हटलं, "विलासरावांना भेटायचं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा जुलैत गेला. झोपेतच."

मी दारात उभी. नोव्हेंबरात मी त्यांना नमस्कार सांगितला होता.

"तुमची पत्रं मी न उघडता पुण्याला पाठवत होते," त्या म्हणाल्या. "आत या. उन्हातून आलात."

आत भिंतीवर त्यांचा फोटो होता. चष्मा लावलेला, ऑफिसच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतल्यासारखा. मी सुनीतीताईंना कागद दिला. त्यांनी तो उभ्यानं वाचला, मग बसून परत वाचला.

"दादा शेवटपर्यंत म्हणायचा," त्या हळूच म्हणाल्या, "इंदुमतीबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. आपल्याच पोरीनं वाढवून सांगितलं असणार. त्यावरून ती घरी यायची थांबली. दोन वर्षं. आली ती त्याला न्यायच्या दिवशी. मीही त्याच्यासारखंच धरून बसले होते हो."

मग त्यांनी तुला फोन लावला. स्पीकर मुद्दाम लावला की चुकून लागला, माहीत नाही.

"सृष्टी, खरं होतं गं सगळं."

तुझ्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग म्हणालीस, "हो आत्या. मी सांगितलं होतं."

"मी तुझं ऐकलं नाही."

"माहीत आहे."

त्या रडायला लागल्या. तू त्यांना रडू दिलंस. मग विचारलंस, "त्या आहेत का तिथे?"

"आहेत. समोर."

"त्यांना सांग, मला केतनपेक्षा त्यांचा राग जास्त आला. केतन कसा आहे ते मला कळत होतं. त्या माझ्या आहेत असं मला वाटत होतं."

मी 'सृष्टी' एवढंच म्हणाले. तू ते ऐकलं असशील, कारण मग तू माझ्याशीच बोललीस. तीन वर्षांनी.

"पत्रं पोचली तुमची. वाचली. पण हे सगळं मला लिहून काय उपयोग? मला तर माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा ना."

आणि तू फोन ठेवलास.

सुनीतीताईंनी चहा केला. आम्ही दोघी तो प्यायलो. निघताना मी फोटोपुढे उभी राहिले, पण तिथे मोठ्यानं काही बोलायची मला लाज वाटली. फोटो काय, ऐकून घेतो.

तू म्हणालीस तसं करते.

— इंदुमती


मयूर विहार
६ एप्रिल २०२५

सृष्टी,

हे शेवटचं. तुला काही सांगण्यासाठी नाही, केलेलं कळवण्यासाठी.

मी आठवून आठवून यादी केली. ज्यांच्या ज्यांच्या घरी बसून मी 'मुलगी खोटं बोलली' म्हणाले होते, ती चौदा नावं. पाडव्यापासून एकेका घरी जाते आहे. फोनवर सांगत नाही. फोनवर मी खोटंही सहज बोलायचे.

पहिल्या घरी चहा आला तो तसाच परत गेला. दुसऱ्या घरी त्या बाई म्हणाल्या, "झालं गेलं, आता कशाला उकरता? तुमच्याच मुलाचं नाव जातंय." मी म्हटलं, "इतके दिवस दुसऱ्यांच्या मुलीचं जात होतं." केतनचा मित्र मानस, ज्यानं त्याच्या बाजूनं सगळ्यांना फोन केले होते, तो ऐकून घेऊन म्हणाला, "आंटी, मला तेव्हाच डाउट होता." मला त्याचा फार राग आला. मग वाटलं, मला तर डाउटही नव्हता.

द्वारकेला एका घरी सगळे ऐकत होते, तेव्हा त्यांची सून पाण्याचा ग्लास घेऊन दारात थांबली. सासूनं "जा तू" म्हटल्यावर आत गेली. मी जिना उतरून गेटपाशी आले, तर ती चपला न घालता मागून आली. म्हणाली, "काकू, तुमचा नंबर द्याल?" दिला. कशाला ते विचारलं नाही. अजून फोन आलेला नाही. फोन चालू ठेवते.

केतन रविवारी येऊन गेला. बाहेरच उभा होता, वर आला नाही. कोणातरी बाईंकडे जातो म्हणाला, दर शनिवारी, रागाचं बोलायला. "तू मला सांगायला हवं होतंस," एवढं दोनदा म्हणाला. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. त्याच्यासाठी शंकरपाळे केले होते, ते हातात राहिले.

रेवती पुण्याला तुला भेटून आली असं कुमुदताईंकडून कळलं. काय बोललात ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

यादीतल्या तेरा नावांपुढे आता खूण आहे. ती यादी मी टेबलावर समोर ठेवून हे लिहिते आहे. ती करताना सगळ्यात आधी जे नाव सुचलं, तेच सगळ्यात वर लिहिलं होतं, 'विलासराव'. मला तेव्हा ठाऊक होतं की ते नाहीत. तरी लिहिलं.

बाकीची घरं संपली. ते एक नाव तसंच आहे.

— इंदुमती